जेफरसनकडे जायचं का?

सोमवार, 11 मार्च 2024. हर्नडन, व्हर्जिनिया

रात्रीची जेवणं उरकल्यावर लेक वॉशिंग्टनचा नकाशा पसरून यादी करायला बसली. यंदा चेरी लवकर फुलतेय, तेव्हा याच आठवड्यात शहर बघून घ्यायचं, असा तिचा बेत. लिंकन मेमोरियल, आफ्रिकन अमेरिकन इतिहासाचं म्युझियम, मार्टिन ल्यूथर किंग यांचं स्मारक, यांवर कुणाचं दुमत नव्हतं. मग तिचं बोट टायडल बेसिनच्या दक्षिण काठावर आलं. "जेफरसन मेमोरियल. फुलं बघायला तिथे जाणारच आहोत, तर तेही होऊन जाईल."

"होऊन जाईल असं नको," मी म्हटलं. "जायचं तर ठरवून जाऊ, नाहीतर राहू दे."

जावयांना नवल वाटलं. "आई, तुम्ही एवढी वर्षं इतिहास शिकवलात. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा माणूस, आणि त्याच्याकडेच नको?"

इतिहास शिकवला म्हणूनच तर. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या तासाला फळ्यावर दरवर्षी त्याचं नाव लिहीत आले. 1776, थॉमस जेफरसन, सगळी माणसं जन्मतः समान. आणि तास संपायच्या आत हेही सांगत आले की याच माणसाने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं मालकीची म्हणून बाळगली. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, "बाई, मग त्याचं म्हणणं खरं कसं मानायचं?" तिथे उत्तर देता यायचं, कारण तिथे फक्त बोलायचं होतं. इथे पायऱ्या चढायच्या की नाही, असा प्रश्न आहे.

आपल्याकडे पुतळ्यापाशी माणूस रिकाम्या हाताने जात नाही. हार नसला तर निदान हात जोडले जातात, चपला बाहेर काढल्या जातात. पुण्यात गंज पेठेतल्या फुलेवाड्यात मुलांची सहल नेली की मुलं सांगायच्या आधीच गप्प होत. स्मारकाला जाणं म्हणजे मान देणं, हे अंगात इतकं मुरलेलं आहे की नुसतं बघायला म्हणून जाता येईल का, याचीच मला खात्री नाही. त्यात मी येताना बॅगेत 'गुलामगिरी' घेऊन आले आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ते पुस्तक अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मोकळं करण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छाही तिथेच लिहिली. ते पुस्तक खांद्यावरच्या पिशवीत घेऊन मी कुणाच्या पुतळ्यापुढे उभी राहणार आहे, याचा विचार नको का करायला?

यादीत जेफरसनच्या नावापुढे लेकीने प्रश्नचिन्ह काढलं.

बुधवार, 13 मार्च

बातमी आली. टायडल बेसिनची जुनी संरक्षक भिंत खचत चालली आहे, काही ठिकाणी पाच फुटांपर्यंत. दिवसातून दोनदा भरतीचं पाणी पायवाटेवर येतं. उन्हाळ्यापासून दुरुस्ती सुरू होणार, खर्च 11.3 कोटी डॉलर, आणि त्यासाठी दीडशेहून अधिक चेरीची झाडं तोडणार. काम झालं की त्याहून जास्त लावणार आहेत, पण ती मोठी व्हायला वर्षं जातील. तोडायच्या झाडांत जेफरसन मेमोरियलजवळचं एक पोकळ खोडाचं, खुरटलेलं झाडही आहे. लोकांनी त्याला 'स्टंपी' असं लाडाचं नाव दिलंय. नात शाळेतून आली तीच डोळ्यांत पाणी घेऊन. "आजी, ही त्याची शेवटची फुलं. आपण जायलाच पाहिजे." म्हणजे बेसिनला जाणं आता ठरलंच.

या झाडांपायी इथे पूर्वीही भांडण झालेलं आहे. 1912 साली टोकियोहून तीन हजारांवर रोपं आली, आणि पुढे 1938 मध्ये जेफरसन मेमोरियलसाठी त्यांतली काही काढायला निघाले तेव्हा शहरातल्या बायका आडव्या आल्या. काहींनी स्वतःला साखळ्यांनी जखडून घेतलं. त्या झाडांसाठी उठल्या. ज्याचं स्मारक होणार होतं त्याने माणसं विकत घेतली, विकली, यावरून त्या दिवसांत तेवढा गलबला झाला नाही.

संध्याकाळी शेजारच्या बाई चहाला आल्या. कृष्णवर्णीय, शाळेच्या ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या, जन्म गेला याच परिसरात. मी सरळच विचारलं, तुम्ही जाता का हो जेफरसन मेमोरियलला? त्या म्हणाल्या, "बेसिनवर दर वसंतात जाते. लहानपणापासून. पायऱ्या कधी चढले नाही." मी म्हटलं, निषेध म्हणून? त्यांनी जरा विचार केला. "नाही. निषेध करायचा तर तो माणूस मनात असावा लागतो. मला कधी वरून कुणी बोलावल्यासारखं वाटलं नाही, एवढंच." मी जावं की नाही, याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. माझा निर्णय त्यांच्या खांद्यावर कशाला?

गुरुवार, 14 मार्च

घरात कुणी नव्हतं. दिवसभर वाचत बसले.

त्याच्या बाजूचं आधी लिहिते. 1784 साली पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत 1800 नंतर गुलामगिरी नको, असा मसुदा त्याने मांडला. एका मताने तो पडला. राष्ट्राध्यक्ष असताना परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर त्याने सही केली. 1 जानेवारी 1808 पासून तो अमलात आला. धर्मस्वातंत्र्याचा व्हर्जिनियाचा कायदा त्याचा. व्हर्जिनिया विद्यापीठ त्याचं. थडग्यावर काय लिहावं हे त्यानेच सांगून ठेवलं होतं: जाहीरनामा, धर्मस्वातंत्र्याचा कायदा, विद्यापीठ. राष्ट्राध्यक्षपदाचा उल्लेखसुद्धा नाही. हे मला आवडतं, आणि आवडतं हे लपवायचं कारण नाही. आणखी एक धागा आहे, तो थेट आपल्या दाराशी येतो. तरुण जोतीरावांच्या हाती थॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' पडलं आणि त्यांच्या विचारांना धार आली. तो पेन जेफरसनचा स्नेही. युरोपात पेनचे हाल झाले आणि मायदेशातही लोक त्याच्यावर उखडलेले होते, तेव्हा त्याला अमेरिकेत परत बोलावणारा जेफरसनच.

आता दुसरी बाजू. व्हर्जिनियावरच्या त्याच्या पुस्तकात काळ्या माणसांच्या बुद्धीबद्दल जे लिहिलंय ते वाचताना पुस्तक मिटावंसं वाटतं. 1791 साली बेंजामिन बॅनेकर या स्वतंत्र कृष्णवर्णीय खगोलगणितीने स्वतः तयार केलेलं पंचांग त्याला पाठवलं आणि सोबतच्या पत्रात जाहीरनाम्याची आठवण करून दिली. उत्तर सौजन्याचं आलं. घरचा व्यवहार बदलला नाही. हयातीत त्याने दोघांना मोकळं केलं, मृत्युपत्राने पाच जणांना, आणि ही सगळी हेमिंग्ज कुटुंबातली माणसं.

जेम्स हेमिंग्जचं वाचून तर मी उठून खिडकीपाशी गेले. जेफरसन त्याला पॅरिसला घेऊन गेला, फ्रेंच स्वयंपाक शिकवला. फ्रान्समध्ये तो कायद्याने सुटका मागू शकला असता, पण परत आला. पुढे जेफरसनने कबूल केलं की तुझ्या जागी दुसऱ्याला तयार कर, मग मोकळा करीन. त्याने धाकट्या भावाला, पीटरला, सगळं शिकवलं आणि 1796 मध्ये स्वतः सुटला. जाताना स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांची यादी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. ती अजून जपलेली आहे. सुटकेच्या बदल्यात आपल्या जागी दुसरं माणूस मागे ठेवायचं, ही अट घालणारा माणूस समतेवर लिहीत होता.

आणि शेवट. 4 जुलै 1826 रोजी, जाहीरनाम्याला बरोबर 50 वर्षं झाली त्या दिवशी, तो गेला. मागे लाखाहून अधिक डॉलरचं कर्ज. पुढच्या जानेवारीत त्याच्या मॉन्टिसेलोच्या मळ्यावर लिलाव झाला. सामानसुमान, गुरंढोरं आणि 130 माणसं. जो फॉसेट हा लोहार मृत्युपत्राने मोकळा झालेल्या पाचांतला. पण त्याची बायको ईडिथ आणि मुलं लिलावात गेली. त्यांतला पीटर 11 वर्षांचा होता. आमची नात पुढच्या महिन्यात 11 पूर्ण करेल.

शुक्रवार, 15 मार्च

आज लिंकन. हर्नडनहून सिल्व्हर लाइनने थेट स्मिथसोनियन स्टेशन, पुढे हिरवळीच्या कडेने चालत. गुडघे कुरकुरले, पण चाललं. 36 खांब, लिंकनच्या मृत्यूच्या वेळी असलेल्या राज्यांइतके. आत डॅनियल चेस्टर फ्रेंचचा तो 19 फुटी बसलेला पुतळा. एक मूठ आवळलेली, दुसरा हात सैल. हात जोडले गेले. जोडायचे असं ठरवलं नव्हतं. जोतीरावांचं पुस्तक पिशवीत होतंच, ते बाहेर काढून अर्पणपत्रिका एकदा वाचली. ज्यांना ती उद्देशून होती त्यांच्या शहरात येऊन ती वाचणारी मी काही पहिली मराठी बाई नसेन, आणि शेवटची तर नक्कीच नसावी.

उत्तरेच्या भिंतीवर त्याचं दुसऱ्या शपथविधीचं भाषण आहे, मार्च 1865 चं. गुलामाच्या अडीचशे वर्षांच्या फुकट घामाची किंमत या युद्धाने वसूल होत असेल तर तो देवाचा न्यायच म्हणायचा, अशा अर्थाचं तो तिथे बोलतो. काल वाचलेल्या जेफरसनच्या पुस्तकातही देवाच्या न्यायाची धास्ती आहे. दोघांना भीती एकच. एकाने ती लिहून ठेवली आणि कारभार चालू ठेवला. दुसऱ्याच्या कारकिर्दीत लाखो माणसं युद्धात मेली, आणि तोही त्यातच गेला.

पण या स्मारकाचा इतिहासही निर्मळ नाही. 30 मे 1922 रोजी उद्घाटन झालं तेव्हा काळ्या निमंत्रितांना बाजूला वेगळं बसवलं होतं. टस्कीगी संस्थेचे प्राचार्य रॉबर्ट मोटन हे त्या दिवशीचे एक वक्ते. त्यांचं भाषण आधी मागवून घेतलं, आणि लिंकनने सुरू केलेलं काम हे राष्ट्र पुरं करणार नसेल तर हे स्मारक पोकळ ठरेल, अशा आशयाचा भाग त्यातून काढायला लावला. गुलामांना मोकळं करणाऱ्याच्या दारात! पुढे 1939 मध्ये याच पायऱ्यांवर मेरियन अँडरसन गायल्या, कारण शहरातलं मोठं सभागृह त्यांना रंगावरून नाकारलं गेलं होतं. समोर 75 हजार लोक होते. 1963 मध्ये किंग इथेच उभे राहिले. ती जागा दगडात कोरून ठेवली आहे, नात तिच्यावर बराच वेळ उभी होती.

परतीच्या गाडीत एक गोष्ट पक्की झाली. जागा शुद्ध आहे का, या प्रश्नावर जायचं की नाही हे ठरवता येणार नाही. तसं ठरवलं तर इथेही यायला नको होतं. लिंकनचं स्मारक चांगलं झालं ते मोटन, अँडरसन, किंग यांच्यासारखी माणसं त्या पायऱ्यांवर हक्काने येत राहिली म्हणून.

शनिवार, 16 मार्च

म्युझियमचे पास लेकीने आधीच ऑनलाइन काढले होते. फुकट असले तरी वेळ ठरवून घ्यावी लागते. 2016 मध्ये उघडलेली ही इमारत बाहेरून तांबूस जाळीची आहे, आणि इतिहास सुरू होतो जमिनीखाली. लिफ्ट खाली जाताना भिंतीवरची सालं मागे मागे जातात. दार उघडतं ते पंधराव्या शतकात. खालची दालनं अंधारी, अरुंद. माणसं आपोआप हळू बोलतात.

जहाजांच्या काळातून पुढे आलं की छत एकदम उंच होतं आणि समोर जेफरसन उभा. इथला पुतळा माणसाएवढाच. त्याच्या पाठीमागे विटांची रास, आणि विटांवर नावं: त्याने मालकीची म्हणून बाळगलेल्या सहाशेहून अधिक माणसांची. अनेक विटांवर नुसतं एकच नाव, पुढेमागे काही नाही. आजूबाजूला आणखी पुतळे आहेत: बॅनेकर, कवयित्री फिलिस व्हीटली, कोर्टात जाऊन स्वतःची सुटका मिळवणारी एलिझाबेथ फ्रीमन, हैतीचा तूसाँ लूव्हेर्त्यूर. वर जाहीरनाम्यातले शब्द. मांडणाऱ्यांनी जेफरसनला कुठेही विद्रूप केलेलं नाही, खाली पाडलेलं नाही, एकही अपशब्द लिहिलेला नाही. फक्त एकट्याला उभं करायला नकार दिला आहे.

मी नावं वाचत गेले. मला वाटलं होतं राग येईल. आला नाही. शाळेतला हजेरीपट आठवला, आणि मग नावं भराभर वाचणं जमेना, एकेक नाव सावकाश वाचत राहिले. मागून लोक येत होते, सरकावं लागत होतं. नात म्हणाली, "आजी, मेमोरियलमध्ये पण ही नावं आहेत का?"

नाहीत. आणि तिथल्या तिथे माझं ठरलं की जायचं.

न जाणं हे या नावांसाठी काही करणं नव्हे. न्यूयॉर्कच्या सिटी हॉलमधून 2021 मध्ये जेफरसनचा पुतळा हलवला आणि इतिहाससंस्थेत नेऊन ठेवला. तिथल्या नगरसेवकांना रोज त्याच्या नजरेखाली बसून काम करायचं होतं, तेव्हा त्यांचा निर्णय मला पटतो. सभागृहात कोण असावं हे तिथे बसणाऱ्यांनीच ठरवावं. माझं तसं नाही. मी एक दिवस येणारी बाई. मी पाठ फिरवली तर त्याला काही फरक पडणार नाही, आणि नातीला मात्र स्टंपी तेवढा आठवेल, वरचा घुमट पांढरा होता एवढंच लक्षात राहील. मी वर गेले तर तिला निदान एका भिंतीपाशी उभं करून बोलता येईल. शेजारच्या बाई पायऱ्या चढत नाहीत, आणि त्यांनी का चढाव्यात? त्यांचं न चढणं आणि माझं चढणं यांत कोण बरोबर, हा झगडाच नाही. ज्यांचं येणं बाकी आहे ती माणसं त्या घरात जाणार नाहीत. साक्षीदाराने मात्र गेलं पाहिजे.

म्हणून अटी ठरवल्या. विटांची दालनं आधी, घुमट नंतर, हा क्रम आपोआप साधला आहेच. हात जोडायचे नाहीत. भिंतींवरचं सगळं वाचायचं, वरवर नाही. आणि जेम्स, पीटर, ईडिथ ही नावं तिथे मोठ्याने घ्यायची.

रविवार, 17 मार्च

चेरीला पूर्ण बहर आल्याचं जाहीर झालं. अख्खं शहर बेसिनवर लोटणार म्हणून आम्ही घरीच. दुपारी पुरणपोळ्या केल्या, शेजारच्या बाईंकडे दोन पाठवल्या.

मंगळवार, 19 मार्च

आठवड्याच्या मधल्या वारीही गर्दी कमी नव्हती. जावयांनी सुट्टी काढली. वारा होता, पाकळ्या पाण्यावर पडत होत्या. बेसिनला पुरा वळसा तीनएक किलोमीटरचा. आम्ही किंग यांच्या बाजूने सुरुवात केली. 30 फुटी ग्रॅनाइटमधून पुढे आलेले किंग, हाताची घडी, आणि समोर पाण्यापलीकडे जेफरसनचा घुमट. 2011 मध्ये हे स्मारक झालं तेव्हा जागा विचारपूर्वकच निवडली होती: लिंकन आणि जेफरसन यांना जोडणाऱ्या रेषेवर. त्या नजरेला मी आव्हान म्हणणार नाही, माफी तर नाहीच. येणं बाकी असलेला माणूस जसा दारात शांत उभा राहतो, तसे ते उभे आहेत.

रूझवेल्टच्या स्मारकातून घाईने पुढे सरकलो. त्याच्यावर वेगळा दिवस काढायला हवा. स्टंपीपाशी रांग होती. पोकळ खोड, वर एका बाजूला फुलांचा झुबका. लोक त्याच्यापाशी फुलं ठेवत होते. एका झाडाशी अशी माया लागलेली पाहून मला बरं वाटलं. जवळच पायवाटेवर भरतीचं पाणी आलेलं, चपला हातात घेऊन कडेने जावं लागलं. खचलेली भिंत म्हणजे काय ते तिथे कळतं: कठडा पाण्याच्या पातळीला टेकलेला, आणि पाणी आत यायला अडवणारं काहीच नाही.

मग पायऱ्या. लिफ्ट आहे, पण मला चढायचं होतं. जॉन रसेल पोप या वास्तुविशारदाचं हे काम. तो 1937 मध्येच गेला, पुरं झालेलं पाहिलं नाही. 13 एप्रिल 1943 ला, जेफरसनच्या जन्माला 200 वर्षं झाली त्या दिवशी, फ्रँकलिन रूझवेल्टने उद्घाटन केलं. महायुद्धामुळे धातू मिळेना, तेव्हा आत प्लास्टरचा पुतळा ब्राँझसारखा रंगवून उभा केला होता. ब्राँझचा 1947 मध्ये आला. 19 फुटांचा, लांब कोट घातलेला, नजर व्हाइट हाउसकडे. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आम्ही मानतो, हे जगाला सांगायची त्या सरकारला घाई होती. पलीकडे हुकूमशहांशी लढाई चालू होती, आणि स्वातंत्र्याचं नाव घ्यायला माणूस हवा होता. ती गरज मला समजते. पण त्याच वेळी अमेरिकेच्या सैन्यात काळ्या सैनिकांच्या पलटणी वेगळ्या होत्या.

आत चार भिंतींवर चार मजकूर. ईशान्येच्या भिंतीपाशी मी नातीला घेऊन थांबले. हिच्यावर गुलामगिरीचा विषय आहे. मजकूर सलग वाचला तर एकाच बैठकीत लिहिलेला वाटतो. प्रत्यक्षात तो वेगवेगळ्या सालांच्या लिखाणांतले तुकडे जोडून केलेला आहे: 1774 चं राजकीय पत्रक, व्हर्जिनियावरचं पुस्तक, दोन पत्रं, आणि म्हातारपणी लिहिलेलं आत्मचरित्र. त्या आत्मचरित्रातलं एक वाक्य इथे आहे, ही माणसं स्वतंत्र होणार हे विधिलिखित आहे, अशा अर्थाचं. वाक्यापुढे पूर्णविराम आहे आणि लगेच शिक्षणाचा विषय सुरू होतो.

मूळ पानावर तिथे विषय बदलत नाही. पुढच्याच वाक्यात तो म्हणतो की, दोन्ही वंश सारखेच स्वतंत्र झाले तरी एका राज्यात एकत्र नांदू शकणार नाहीत, हेही तितकंच निश्चित आहे. म्हणजे त्याच्या मनातली सुटका ही देशाबाहेर धाडण्याची सुटका होती. स्मारकाचा मजकूर ठरवणाऱ्यांनी पहिलं वाक्य घेतलं, दुसरं सोडलं. मला तिथे जो संताप आला तो जेफरसनवर कमी आणि या कात्रीवर जास्त. त्याने स्वतः दोन्ही वाक्यं लिहिली होती, एकापाठोपाठ एक. लपवालपवी 1943 वाल्यांची आहे. मोटन यांच्या भाषणाला लागली तीच कात्री, वीस वर्षांनी दुसऱ्या घुमटाखाली.

तिथे उभ्या असलेल्या पार्क सर्व्हिसच्या रेंजरला मी विचारलं, पुढचं वाक्य तुम्हाला माहीत आहे का? त्याने क्षणभरही न घेता ते पूर्ण म्हणून दाखवलं, भिंतीकडे न बघता. मग म्हणाला, "विचारणारे येतात, बाई. मी प्रत्येकाला सांगतो. विचारलं नाही तरी सांगतो, वेळ असला तर."

नात भिंतीकडे बघत होती. "आजी, म्हणजे भिंत खोटं बोलते?"

"शब्द खरे आहेत," मी म्हटलं. "पण गोष्ट मध्येच थांबवली आहे. ती पुरी आपण करायची." आणि मी तिला तिथेच सांगितलं, मराठीत, जरा मोठ्यानेच: जेम्सने भावाला स्वयंपाक कसा शिकवला, जो फॉसेटच्या हातात सुटकेचा कागद होता आणि बायकोमुलं लिलावाच्या फळीवर. पीटर 11 वर्षांचा असताना विकला गेला, पळायचा प्रयत्न त्याने केला, 1850 मध्ये अखेर मोकळा झाला, सिनसिनाटीत बाप्टिस्ट धर्मोपदेशक झाला. आणि 1900 साली, म्हातारा झाल्यावर, पाहुणा म्हणून मॉन्टिसेलोला परत आला. पुढच्या दाराने. नातीने विचारलं, "त्याला तिथे जावंसं कसं वाटलं?"

हा प्रश्न माझ्या सगळ्या आठवड्यापेक्षा मोठा आहे. मी म्हटलं, आपण शोधू.

जावयांनी दुसऱ्या भिंतीवरचा जाहीरनामा सावकाश वाचला. पेनचं पुस्तक जोतीरावांपर्यंत आलं, आणि त्यांच्या हातून सत्यशोधक समाज उभा राहिला. त्या वाटेच्या सुरुवातीला हेही शब्द होते, आणि त्यांना मी परकं म्हणू शकत नाही. ज्यांना ते लागू नव्हते त्यांनीच ते खरे करून दाखवले: बॅनेकरने पत्रात, फ्रीमनने कोर्टात, किंगने लिंकनच्या पायऱ्यांवर. जेफरसनला मान द्यायचा तर एवढाच, की त्याने लिहिलेलं त्याच्याविरुद्ध वापरता आलं.

हात जोडले नाहीत. पण त्या भिंतीपुढे आम्ही बराच वेळ होतो, आणि शेवटी एक कुटुंब आमच्यामागे थांबलं होतं म्हणून बाजूला झालो.

बुधवार, 20 मार्च

शेजारच्या बाईंना पोळ्यांचा डबा परत द्यायला यायचंच होतं. मी जाऊन आल्याचं सांगितलं. भिंतीवर गाळलेल्या वाक्याचं त्यांना माहीत होतं. रेंजर आपणहून सांगतो हे माहीत नव्हतं. "ते बरं करतो," म्हणाल्या. डब्यात कॉर्नब्रेड होता.

नातीने शाळेच्या वहीत पीटर फॉसेटवर अर्धं पान लिहिलं आहे आणि उरलेलं अर्धं मॉन्टिसेलोसाठी मोकळं ठेवलं आहे. शनिवारी लवकर निघायचं ठरलं, गाडीने दोनएक तासांचा रस्ता. लेकीने पुन्हा यादी केली. आधी मलबरी रो, जिथे गुलाम कारागिरांची घरं होती आणि लोहारकाम चालायचं. मग त्याच हेमिंग्ज कुटुंबातल्या सॅलीवरचं दालन, 2018 मध्ये उघडलेलं. मग गुलामांची दफनभूमी. खालचं स्वयंपाकघर, जिथे ईडिथ रांधायची. जेफरसनचं घर यादीत सगळ्यात शेवटी आहे, वेळ उरला तर.